म्हणीतली जर्मनी आणि प्रत्यक्षातली

(नोकरीसाठी परदेशी जाऊ इच्छिणारे युवक-युवती व त्यांचे पालक यांच्यासमोर परभणी येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन.)



‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ज्याने ऐकली नाही असा परभणीकर शोधून सापडणार नाही. ती कशी रूढ झाली याविषयी प्रत्येक जण आपापली कथा सांगतो. आजवर ती थोड्या अभिमानाने आणि बऱ्याचशा विनोदाने सांगितली जात असे. परंतु २५ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला आणि या विनोदाला एकाएकी गंभीर अर्थ प्राप्त झाला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, उपाहारगृहांतील कर्मचारी अशा अनेक कामांसाठी प्रारंभी दहा हजार युवकांना पाठवण्याचा मानस त्या वेळी जाहीर झाला. त्याआधी ५ डिसेंबर २०२२ रोजी भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झालाच होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन शासनाने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे घोषित केले.

यामागील कारण उघड आहे. जर्मनीत वृद्धांचे प्रमाण वाढले आहे, जन्मदर घटला आहे आणि रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंत काम करणाऱ्यांची उणीव आहे. परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड येथील घराघरांत शिकलेले तरुण कामाच्या प्रतीक्षेत आहेत. दोन्ही बाजूंची गरज जुळली आहे. मात्र करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. करार दार उघडतो, उंबरठा ज्याचा त्याला ओलांडावा लागतो. तो ओलांडल्यावर नोकरी टिकेल की नाही, मन रमेल की नाही, हे पगाराच्या आकड्यावर जितके अवलंबून असते त्याहून अधिक एका गोष्टीवर ठरते : गेलेला माणूस तेथील लोकजीवन शिकतो की नाही.

पोटासाठी गाव सोडण्याची जुनी वाट

कामासाठी घर सोडणे या जिल्ह्याला नवे नाही. गंगाखेडची जनाबाई परंपरेनुसार बालवयातच पंढरपुरी दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, झाडलोट हेच तिचे जीवन होते. पण ज्या घरी ती कामाला गेली त्या घराची भक्ती तिने आपलीशी केली आणि पंढरपूर तिचे झाले. म्हणूनच आज गंगाखेडलाही तिचा अभिमान वाटतो. अलीकडच्या काळात ऊसतोडीसाठी दरवर्षी पश्चिम महाराष्ट्राची वाट धरणारी कुटुंबे आहेत, पुण्याच्या कंपन्यांत स्थिरावलेले अभियंते आहेत. गाव सोडण्याचे दुःख आणि परमुलखात उभे राहण्याची जिद्द परभणीच्या मातीला ठाऊक आहे. या वेळी फरक एवढाच की, वाट समुद्रापार जाते आणि तेथे मराठी किंवा हिंदी बोलून भागत नाही.

भाषा हीच पहिली शिदोरी

जर्मन भाषेच्या ज्ञानाच्या सहा पायऱ्या मानल्या जातात. ए-एकपासून सी-दोनपर्यंत. परिचारिकेचा परवाना मिळण्यासाठी साधारणपणे बी-दोन ही चौथी पायरी गाठावी लागते. शून्यापासून तेथवर पोहोचायला वर्षभराचा तरी नेटाचा अभ्यास हवा. अनेकांना हा केवळ एक अडथळा वाटतो. ‘एकदा पोहोचलो की बोलता येईलच’ असे ते म्हणतात. हा भ्रम आहे. रुग्णाला कोठे दुखते हे ज्याला समजत नाही, त्याच्या हाती रुग्ण कोण सोपवील?

यात मराठी माणसाला भिण्याचे कारण नाही. इंग्रजीत नामांना लिंगभेद जवळजवळ नाही, हिंदीत दोनच लिंगे आहेत. मराठीत तो, ती, ते अशी तीन आहेत आणि जर्मनमध्येही तीनच. अर्थात ती जुळतातच असे नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, जर्मनांचा स्त्रीलिंगी. तेथे मुलीला नपुसकलिंग, पण ‘ते लेकरू’ म्हणणाऱ्या घरात याचे फारसे नवल वाटू नये. इंग्रज ‘वीस-एक’ म्हणतो, जर्मन ‘एक आणि वीस’ म्हणतो आणि आपण ‘एकवीस’ म्हणतो. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’प्रमाणे तेथेही ‘डू’ आणि ‘झी’ आहेत. वडीलधाऱ्यांना वा अपरिचिताला थेट ‘डू’ म्हटले तर ते आपल्याकडे अनोळखी गृहस्थास अरे-तुरे करण्यासारखेच होते.

वर्गात शिकलेली जर्मन वेगळी आणि स्टुटगार्टच्या परिसरातील श्वेबियन बोली वेगळी, हेही ध्यानी ठेवावे. पुण्याचा माणूस परभणीत येऊन ‘करायलो’, ‘जायलो’ ऐकतो तेव्हा जसा क्षणभर थबकतो, तसेच तेथे होईल. त्यावर निराश न होता कान उघडे ठेवावेत. दक्षिण जर्मनीत लोक भेटल्यावर ‘ग्रूस गॉट’ म्हणतात. त्यात देवाचे नाव आहे. रामराम घालणाऱ्याला हा रिवाज परका का वाटावा?

परभाषा मनापासून शिकणे म्हणजे काय, याचा धडा त्याच प्रांताने जगाला दिला आहे. ट्युबिंगेन येथील रुडॉल्फ रोथ यांनी ओटो बोट्लिंक यांच्यासह संस्कृतचा प्रचंड कोश सिद्ध केला. १८५५ ते १८७५ या काळात त्याचे सात खंड प्रसिद्ध झाले. त्या विद्वानांनी आपल्या भाषेसाठी एवढी वर्षे वेचली. पोटापाण्यासाठी निघालेल्यांनी त्यांच्या भाषेला एक वर्ष द्यायला काय हरकत आहे?

पहिला महिना

कल्पना करू या की, जिंतूर तालुक्यातील एक परिचारिका जानेवारीच्या थंडीत स्टुटगार्टला उतरली आहे. घर मिळाल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तिला नगर कार्यालयात आपल्या निवासाची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे पत्र लागते. या नोंदीवर बँकेचे खाते, करक्रमांक आणि पुढील बहुतेक व्यवहार अवलंबून असतात. नोंदणीच्या वेळी धर्मही विचारला जातो, कारण तेथे ठरावीक चर्चच्या सदस्यांकडून शासनच चर्चकर वसूल करते. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये तो आयकराच्या आठ टक्के आहे. जो त्या चर्चचा सदस्य नाही त्याला तो द्यावा लागत नाही. अर्ज न समजता भलत्याच ठिकाणी खूण केली, तर निष्कारण भुर्दंड पडतो. म्हणून समजल्याखेरीज कोणत्याही कागदावर सही करू नये. आरोग्यविमा मात्र सर्वांना सक्तीचा आहे. या विम्याची सुरुवात बिस्मार्कच्या काळात १८८३ मध्ये झाली.

मग येतो पहिला रविवार. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी बाजार फुलतो. तेथे रविवारी दुकाने बंद असतात, भिंतीत खिळा ठोकण्याचीही सोय नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ. मोठ्याने गाणी लावली तर शेजारी तक्रार करतो. तो द्वेषाने वागतो असे समजू नये. नियम त्यालाही तोच आहे. कचरा कागद, काच, ओला, उरलेला असा वेगवेगळा ठेवायचा. प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत घेतलेली असते, रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की ती परत मिळते.

श्वेबियन मुलखात ‘केरवोखे’ नावाची एक प्रथा आहे. इमारतीतील प्रत्येक कुटुंबाने आळीपाळीने आठवडाभर जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर पाटी टांगली जाते. पाटी दिसूनही जो झाडत नाही, त्याच्याविषयी इमारतीत जे बोलले जाते ते त्याच्या तोंडावर बोलले जात नाही इतकेच. पहाटे उठून अंगणात सडा-संमार्जन करणाऱ्या मातांच्या लेकरांना ही पाळी जड जाऊ नये. जड जाते ती एकच गोष्ट. आपण आपले अंगण झाडतो, सर्वांचा जिना झाडण्याची सवय आपल्याला नाही. परमुलखातून काही शिकायचे असेल तर ते हेच.

रुग्णालयातला अनुभव याहून मोठा. आपल्याकडे रुग्णाला भरवणे, स्नान घालणे, कूस बदलून देणे ही कामे बहुधा नातलग करतात. तेथे ती परिचारिकेच्याच कर्तव्याचा भाग आहेत. पदवी घेऊन गेलेल्या अनेक मुलींना प्रथम वाटते की, आपला दर्जा उतरला. वास्तविक ज्या वृद्धाजवळ त्याचे कोणी नाही, त्याच्यासाठी ती परिचारिका त्या वेळी घरचे माणूसच असते. सेवेला हलके काम मानण्याची आपल्यातली जुनी खोड तेथे गळून पडली, तर ते मोठेच शिक्षण होय.

एकटेपणा मात्र जाणवेल. न सांगता कोणी दारात येत नाही, भेटीची वेळ आठवडाभर आधी ठरते. परंतु गावागावांत गायनाची, खेळांची, बागकामाची मंडळे असतात. एखाद्या मंडळात जावे, दिवाळीला शेजाऱ्याच्या घरी फराळ न्यावा. मराठी माणसांच्या मंडळातही जरूर जावे, पण केवळ तेथेच राहू नये. पंधरा वर्षे राहून ज्याचा एकही जर्मन मित्र नाही, तो जर्मनीत राहिला असे कसे म्हणावे?

शिकणे म्हणजे वाकणे नव्हे

लोकजीवन शिकायचे, तर आपले सोडायचे काय, ही शंका पालकांच्या मनात येते. तिचे उत्तर दोन मराठी माणसांनी देऊन ठेवले आहे.

वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक. इंग्रजी सत्तेमुळे मायदेशाचे दार बंद झाले तेव्हा १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत गेले. स्पॅनिश आत्मसात करून त्यांनी चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेत अध्यापन केले, मका आणि गहू यांच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी विनामूल्य कृषिशाळा चालवल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी तेथील शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. मेक्सिकोच्या शेतकऱ्याची भाकरी त्यांनी आपली मानली, म्हणून त्यांचे भारतीयत्व उणावले नाही. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांनी देह ठेवला. वीणा गवाणकर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र परदेशी निघालेल्या प्रत्येकाने वाचावे.

दुसऱ्या इरावती कर्वे. १९२७ मध्ये त्या बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे समर्थक होते. कवट्यांच्या मोजमापांतून वंशभेदाचा पुरावा मिळावा, ही त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मोजमापे काटेकोरपणे घेतली आणि असा भेद आढळत नाही, हाच निष्कर्ष मांडला. ज्या देशाकडून त्या शास्त्राची शिस्त शिकल्या, त्याच देशातील चुकीच्या मताला त्यांनी त्या शिस्तीच्याच बळावर नकार दिला. शिकणे आणि वाकणे यांतील अंतर याहून स्पष्ट कोण दाखवील?

घरच्यांचे कर्तव्य

दोन शब्द पालकांसाठी. संधीची बातमी पसरली की तिच्यामागे दलालही येतात. परदेशी नोकरी देणारा मध्यस्थ केंद्र शासनाकडे नोंदलेला असावा लागतो, आणि त्याने घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा नियमाने तीस हजार रुपये व त्यावरील कर इतकी आहे. ‘भाषा नको, परीक्षा नको, फक्त पाच लाख द्या’ असे कोणी म्हणाले, तर तेथूनच परत फिरावे. त्यासाठी शेत गहाण टाकू नये. कर्जाचे ओझे घेऊन गेलेला मुलगा अन्याय सहन करतो, पण परतण्याचे धाडस करीत नाही.

मुलगी वा मुलगा गेल्यावर त्यांच्याशी बोलताना ‘पगार किती उरला’ एवढाच प्रश्न नसावा. ‘आज नवे काय शिकलास, शेजारी कोण राहतात’ हेही विचारावे. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते, उन्हाळ्यात साडेतीन. रात्रपाळी करून झोपलेल्या लेकीला उठवू नये, एवढे ध्यानी ठेवले तरी प्रेम पोहोचते. आणि ती दमून एखाद्या दिवशी रडली, तर ‘लोक काय म्हणतील’ हे शब्द तिच्या कानी घालू नयेत. परतीचे दार उघडे आहे हे ज्याला ठाऊक असते, तोच परक्या ठिकाणी धीराने टिकतो.

या नगरीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. ‘परभणी मोती’ हे ज्वारीचे वाण तेथलेच. नवे वाण दुसऱ्या जिल्ह्यात नेताना शेतकरी आधी तेथली माती, पाणी, थंडी पाहतो आणि पेरणीची वेळ त्या मुलखाप्रमाणे ठरवतो. वाण परभणीचेच राहते, कणीसही ज्वारीचेच येते. मात्र मातीची विचारपूस न करता केलेली पेरणी वाया जाते. येथून निघणाऱ्या प्रत्येकाने पिशवीत ज्वारीचे पीठ अवश्य न्यावे, देवघरातील छोटी मूर्ती न्यावी, आणि त्यांच्यासोबत जर्मन शब्दकोशही न्यावा.

सर्वांच्या प्रवासास शुभेच्छा.