खांद्याचा सांधा आणि रोवणीचा हंगाम

(एकोडी येथील आरोग्य मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. रुग्णालयाचा कारभार पाहणे आणि जमाखर्चाचा मेळ घालणे हे आमचे काम. तेव्हा खांद्याच्या सांधेरोपणावर आम्ही काय बोलणार, असा प्रश्न आपणांस पडला असेल. परंतु आमच्याच वहीतील एका चुकीच्या नोंदीने हा विषय आमच्यासमोर आणून ठेवला, म्हणून तो आज आपल्यापुढे मांडीत आहोत.

काही वर्षांपूर्वी याच भागातील एक भगिनी आमच्याकडे आल्या. त्यांचा उजवा खांदा अनेक वर्षे दुखत होता, सांधा पार झिजला होता. जून महिन्यात सांधेरोपण झाले, शस्त्रक्रिया चांगली पार पडली, काही दिवसांत त्या घरी गेल्या. बिलाचा हिशेब मिटला आणि नोंदवहीत 'शस्त्रक्रिया यशस्वी' असे लिहिले गेले. पाचव्या आठवड्यात गावात रोवणी सुरू झाली. त्यांनी गळ्यातील झोळी काढून ठेवली आणि पऱ्ह्यांच्या पेंढ्या उचलल्या. शिवलेला स्नायू तुटला. दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली; वेदना कमी झाली, पण तो हात पुन्हा डोक्यापर्यंत गेला नाही.

त्यांना दोष द्यावा, असे आम्हांस वाटत नाही. रोवणीचे दिवस वर्षातून मोजकेच येतात. त्या दिवसांची मजुरी बुडाली तर घराचा पुढचा हिशेब चुकतो. जूनची तारीख दिली होती ती आम्ही. कारण त्या आठवड्यात शस्त्रक्रियागृह मोकळे होते. 'बाई, रोवणी केव्हा आहे?' एवढा साधा प्रश्न आमच्यापैकी कोणीही विचारला नाही.

कृत्रिम खांद्याचा इतिहासही एका कष्टकरी माणसापासूनच सुरू होतो. १८९३ साली पॅरिसमध्ये जूल्स पेआं या शल्यविशारदांनी क्षयाने खांद्याचे हाड पोखरलेल्या एका पाव भाजणाऱ्या कामगारावर पहिले रोपण केले. हात कापून टाकण्यास त्या माणसाने नकार दिला होता. प्लॅटिनम आणि रबर यांचा तो सांधा जंतुसंसर्गामुळे सुमारे दोन वर्षांनी काढावा लागला. पुढे अमेरिकेत डॉ. चार्ल्स नीर यांनी १९५५ साली धातूच्या सांध्याचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. तर १९८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये डॉ. पॉल ग्रामाँ यांनी गोळ्याच्या जागी वाटी आणि वाटीच्या जागी गोळा बसवून उलट रचनेचा सांधा तयार केला. ज्यांच्या खांद्याचे आतले स्नायू फाटून निकामी झाले आहेत, त्यांचा हात या रचनेत दंडावरच्या मोठ्या स्नायूच्या बळावर उचलता येतो. आज बसविलेल्या सांध्यांपैकी दहातले सुमारे नऊ सांधे दहा वर्षांनंतरही टिकून असतात.

तथापि, धातू टिकतो म्हणून हात चालतो असे नाही. खांद्याची वाटी उथळ असते. गोळा तिच्यात धरून ठेवतात ते भोवतालचे स्नायू. सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी पुढचा स्नायू बहुधा सोडवून पुन्हा शिवावा लागतो, आणि तो भरून येण्यास वेळ लागतो. साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, पुढे हळूहळू स्वतःच्या बळाने हालचाल, आणि तिसऱ्या महिन्यानंतर ताकदीचे व्यायाम, असा क्रम डॉक्टर घालून देतात. हात टेकून खाटेवरून उठणे, पाठीमागे हात नेणे, एवढ्या साध्या गोष्टीही सुरुवातीला वर्ज्य असतात. सुधारणा तर वर्षभर होत राहते.

हाड मोडले असेल तर तारीख निवडण्याची मुभा नसते. झिजलेला सांधा मात्र काही महिने थांबू शकतो. म्हणून आम्ही आता धानाचे वेळापत्रक पाहतो. कापणी होऊन पुंजणे रचले गेले, मळणी आटोपली, की डिसेंबरात शस्त्रक्रिया करावी. जानेवारीअखेर झोळी सुटते. फेब्रुवारी-मार्च व्यायामात जातात. एप्रिलमध्ये खाली पडलेली मोहफुले वेचता येतात, मे महिन्यात कमरेइतक्या उंचीवरची तेंदूपाने तोडता येतात. अर्थात डॉक्टरांनी हात तपासल्यावरच. जुलैच्या रोवणीपर्यंत सात महिने झालेले असतात. ज्यांच्याकडे उन्हाळी धान आहे, त्यांनी तो हंगाम आधीच सांगावा. त्यांची तारीख वेगळी काढू.

सगळीच कामे मात्र परत मिळत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. चिखलात वाकून रोप लावताना हात खांद्याच्या खाली राहतो. ते काम बहुतेकांना जमते. कुऱ्हाडीचे घाव, खांद्यावरची कावड, डोक्यावर उचलून दिलेले भारे, बिथरलेल्या बैलाचा कासरा ओढणे, ही कामे त्या हातासाठी संपली असे समजावे.

आपल्या भागात आणखी एक बाब आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात हाडाचा रक्तपुरवठा तुटून खुब्याचा आणि त्याखालोखाल खांद्याचा गोळा तरुणपणीच ढासळू शकतो. अशा तरुणाचा दुखणारा खांदा 'अंगमेहनतीने दुखतो' म्हणून सोडून देऊ नये. आणि शस्त्रक्रियेपूर्वी सिकलसेल असल्याचे अवश्य सांगावे, कारण त्याची तयारी वेगळी करावी लागते.

आता आमच्या खात्याविषयी. २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. त्यातून उपचाराचा खर्च भागतो. परंतु व्यायामासाठी पुन्हा पुन्हा येण्याचे एस.टी.चे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज यांचे बिल कोणीच काढीत नाही. व्यायाम सुटतो तो बहुतेकदा आळसामुळे नव्हे, या भाड्यामुळे. या भाड्याची तरतूद देणगीतून करावी, अशी विनंती आम्ही विश्वस्त मंडळास केली आहे आणि आज आपणां सर्वांसमोर ती पुन्हा करीत आहोत.

याच मेळाव्यात एक बंधू बसले आहेत. तलावावर मासेमारी हा त्यांचा व्यवसाय. मळणीनंतर त्यांचे सांधेरोपण झाले. जाळे फेकण्याचे काम त्यांनी मुलाकडे दिले. पाण्यात जाळे लावणे, मासे काढणे, विकणे हे ते स्वतः करतात. पूर्वीइतके काम होत नाही, पण पहाटे तलावावर जातो, असे ते सांगतात. यश म्हणतात ते आम्हांस याहून मोठे ठाऊक नाही.

आमच्या नोंदवहीत आम्ही एक नवा रकाना आखला आहे. शस्त्रक्रियेनंतर एक वर्षाने तो भरावयाचा असतो: 'रुग्ण कामावर परतला काय?' तोपर्यंत 'यशस्वी' हा शब्द आम्ही लिहीत नाही. ज्या भगिनीमुळे हा रकाना आला, त्यांच्या नावापुढे तो आम्ही स्वहस्ते 'नाही' असा भरला आहे. पुढील नोंदी वेगळ्या व्हाव्यात, यासाठी आपल्या घरातील रोवणीची तारीख आम्हांस सांगा, आणि झोळीतल्या हाताचे काम घरातील दुसऱ्या हातांनी वाटून घ्या, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.