सातारकर, जन्म गुजरातचा

चैत्र लागला की सुरतेच्या उधना स्टेशनावरची गर्दी वेगळी दिसू लागते. लिंबायतच्या वस्तीतून पिशव्या, पत्र्याच्या पेट्या, झोपेतून उठवलेली पोरं घेऊन माणसं ताप्ती लाइनच्या गाडीत चढतात. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. कुणाच्या गावी यात्रा असते, कुणाला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचं असतं. लूमवर आणि डाइंगच्या मिलमध्ये वर्षभर राबलेल्या या माणसांना गाव कोणतं म्हणून विचारलं, तर सुरतेत जन्मलेलं पोरगंसुद्धा पुष्कळदा खानदेशातलंच एखादं नाव सांगतं.

आणि ज्या यात्रेला ते निघालेले असतात, तिथे बहुधा तमाशाचा तंबू लागलेला असतो.

त्या तंबूत चाळ बांधून उभ्या राहणाऱ्या बाईलाही हाच प्रश्न विचारता येतो. तिचं गाव कोणतं? ती आपल्या तमाशाच्या फडाचं नाव सांगते. हे नुसतं बोलण्यातलं वळण नाही. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत, म्हणजे सुमारे सात महिने, तिचं घर फडाबरोबर फिरत राहतं. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात: ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, सुरते, नाचणाऱ्या, तंबू ठोकणारे, आचारी, ड्रायव्हर. दुपारी नव्या गावात गाड्या लागतात, तंबू उभा राहतो, भटारखान्यात सगळ्यांचा एकच स्वयंपाक होतो. रात्री गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग. जुन्या रिवाजात दुसऱ्या दिवशी सकाळी गावासमोर पुन्हा खेळ व्हायचा, त्याला हजेरी म्हणत. हजेरी म्हटलं की लिंबायतच्या माणसाला मुकादमाची वही आठवेल. फडातल्या बाईची हजेरी मात्र रात्रभर नाचून झाल्यावर, डोळ्यांत झोप असताना लागायची.

या फिरत्या गावात आपलेपण कसं तयार होतं, ते पाहायचं तर तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांकडे पाहावं. त्यांचा जन्म 1939 सालचा, आणि तो साताऱ्यातला नाही. तो गुजरातमधल्या टिंबा गावचा. आईवडील तिथे दगडाच्या खाणीत कामाला होते. पोट भरायला गुजरातेत आलेल्या मराठी कुटुंबातली ती मुलगी. ही कहाणी लिंबायतमध्ये कुणाला परकी वाटणार नाही. पुढे कुटुंब साताऱ्याला परतलं, कांताबाई लहानपणीच मेळ्यात नाचू लागल्या, आणि तमाशानं त्यांना सातारकर केलं. फडात हे असंच चालतं. तमाशातल्याच विठाबाई पंढरपूरला जन्मल्या, पण आजोबांपासून चालत आलेल्या फडामुळे त्या नारायणगावकर झाल्या. कागदावरचं आडनाव मागे पडतं आणि तंबूवरच्या फलकावर लिहिलेलं नाव आयुष्यभर पुरतं.

कांताबाईंना खरी ओळख मिळाली ती तुकाराम खेडकरांच्या फडात. खेडकर हे त्या काळातलं मोठं नाव. त्यांच्याशीच कांताबाईंचा संसार झाला, मुलं झाली. त्या केवळ नाचणाऱ्या राहिल्या नाहीत, वगातल्या भूमिकांनी त्या गाजल्या, पुरुषपात्रंही त्यांनी रंगवली. मग 1964 साली खेडकर वारले. जो फड आपला म्हणून सांगायचा, त्यात कांताबाईंना जागा उरली नाही.

इथे थांबायला हवं. फड आपला, असं नाचणारी म्हणते; पण तंबू, गाड्या, ढोलकीसुद्धा मालकाची. पावसाळ्यात खेळ बंद असतात, तेव्हा कलावंत मालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर नाचून ती फेडतात. फिटली नाही तर पुढच्या वर्षी तोच फड. त्यामुळे वर्षानुवर्षं एकाच फडात असलेल्या बाईला किती माया धरून ठेवते आणि किती देणं, हे वेगळं काढणं कठीण. दोन्ही खरं असतं. आजारपणात फडच दवाखान्यात नेतो, मुलं फडातच वाढतात, आणि सोडून जायचं म्हटलं तर उचलीचा आकडा समोर येतो. या बायकांच्या निष्ठेचे गोडवे गाताना तो आकडा विसरला जातो, आणि ते अन्यायाचं आहे.

कांताबाई लहान मुलांना घेऊन दुसऱ्यांच्या फडात राबल्या आणि पुढे त्यांनी स्वतःचा फड उभा केला. हे धाडस केवढं होतं ते कळायला नारायणगावच्या राहुट्या पाहाव्यात. पाडव्याच्या सुमारास फडमालक तिथे राहुट्या टाकून बसतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, बिदागीवर घासाघीस होते आणि सुपारी ठरते. ज्याच्या हातात सुपाऱ्या जास्त, त्याच्या माणसांचं वर्ष सुटतं. ही जबाबदारी एका नाचणाऱ्या बाईनं अंगावर घेतली आणि कैक वर्षं पेलली. मुलगा रघुवीर सोंगाड्या म्हणून नावारूपाला आला, मुलीही फडात उभ्या राहिल्या. महाराष्ट्र शासनानं विठाबाई नारायणगावकर यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान कांताबाईंना मिळाला.

2020 सालचा पाडवा 25 मार्चला होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. फडांचे कमाईचे दिवस नेमके तेच. यात्रा रद्द, सुपाऱ्या रद्द, तंबू गुंडाळलेले. इकडे सुरतेत लूम बंद पडले आणि हजारो माणसं गावाकडे जायची वाट धुंडाळू लागली. त्या वर्षी आखाजीला घरी पोचलेल्यांना गावात ढोलकी ऐकू आली नाही. पुढच्या वर्षी, 25 मे 2021 रोजी, कांताबाई संगमनेरला करोनानं गेल्या.

सुरतेशी फडातल्या बायकांचा आणखी एक धागा आहे, आणि तो शब्दशः धागाच आहे. पैठणीच्या पदराला लागणारी जर मोठ्या प्रमाणावर सुरतेहून जाते. दिव्यांच्या उजेडात नाचणाऱ्या बाईचा जरीकाठ चमकतो, त्यात सुरतेच्या कुणा कारागिराचा हात असू शकतो.

कांताबाईंचा फड पुन्हा बाहेर पडू लागला आहे. फलकावर नाव आहे, रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. टिंब्याच्या खाणीजवळ जन्मलेल्या मुलीचं नाव त्यावरून काढलेलं नाही.