शौचकूपाची निगा

घरी पाहुणा येणार असला म्हणजे दिवाणखाना आवरला जातो, देवघरातील समई उजळते, स्वयंपाकघरातील भांडी लखलखीत होतात. घराच्या कोपऱ्यातील त्या लहानशा खोलीकडे मात्र सर्वांत शेवटी लक्ष जाते, आणि तेही पुष्कळदा पगारी माणसाचे. शौचकूप वापरावा सर्वांनी आणि स्वच्छ करावा दुसऱ्याने, ही वाटणी आपल्या समाजात इतकी जुनी आहे की तिच्यातील अन्याय सहसा कोणाला खटकत नाही.

तो ज्यांना खटकला त्यांत कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सत्याग्रही कैदी असताना त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागून घेतले. तुरुंगात हे काम जातीवरून ठरलेले असल्यामुळे उच्चवर्णीय कैद्याला ते नाकारण्यात आले. कष्टाचे काम टळावे म्हणून धडपडणारे कैदी पुष्कळ. अप्पासाहेबांनी मात्र हे काम मिळावे म्हणून अन्नत्यागाचा मार्ग धरला. त्या वर्षीच्या डिसेंबरच्या आरंभी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण आरंभिले, आणि सरकारने या प्रश्नाचा विचार करण्याचे मान्य केल्यावरच ते सोडले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी येथे अप्पासाहेबांनी मैल्याला हात न लावता त्याचे सोनखत व्हावे असे साधे, कमी खर्चाचे संडास तयार करण्यात आपली शक्ती वेचली.

आता टोपलीचे संडास गेले, पाण्याचे आले; तेव्हा प्रश्न मिटला, असे शहरी कुटुंबांना वाटणे स्वाभाविक आहे. तो मिटला की नाही, हे नवी मुंबईतील पावणे यासारख्या गावी नीट कळते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यातील हे जुने आगरी गाव. त्याच्या शिवारात औद्योगिक विकास महामंडळाचे कारखाने उभे राहिले, आणि १९९२ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेच्या हद्दीत ते आले. मूळचे गावकरी, भाड्याच्या खोलीत राहणारे कामगार आणि मालमोटारींचे चालक अशी तीन प्रकारची माणसे अशा ठिकाणी एकत्र येतात. त्यामुळे घरचा, सामाईक आणि सार्वजनिक असे तिन्ही शौचकूप येथे शेजारी शेजारी नांदतात.

घरच्या शौचकूपाची निगा कठीण नाही. भांड्याखालच्या वळणात जे थोडे पाणी साचून राहते, तेच गटारातील दुर्गंधी वर येऊ देत नाही. म्हणून प्रत्येक वापरानंतर पुरेसे पाणी टाकणे हा पहिला नियम. पिवळट डाग हे क्षारांचे असतात. ते सौम्य आम्लाने सुटतात. मात्र ज्या श्रोत्यांच्या घरी ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर दोन्ही असतील, त्यांनी ती कधीही एकत्र वापरू नयेत. त्या मिश्रणातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि दार लावलेल्या लहान खोलीत तो प्राणावर बेतू शकतो.

सामाईक शौचकूपाचे दुखणे निराळे आहे. जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे, या न्यायाने तेथे घाण साचते. पाळी, पाणी, दिवा आणि आतून लागणारी कडी या चार गोष्टी सांभाळल्या, तर पुष्कळ काम भागते. यांपैकी दिवा आणि कडी नसली तर सर्वाधिक हाल स्त्रियांचे होतात; अंधार पडेपर्यंत किंवा उजाडेपर्यंत थांबणे, आणि त्यासाठी पाणीच कमी पिणे, यांमुळे मूत्राशयाचे विकार जडतात.

सर्वांत मोठा अपराध मात्र डोळ्यांआड घडतो. चिंध्या, कापूस, मुलांचे लंगोट, स्त्रियांचे वापरलेले पॅड, प्लास्टिकच्या पिशव्या या वस्तू पाण्यात विरघळत नाहीत. भांड्यातून त्या दिसेनाशा होतात आणि मलवाहिनीत अडकून बसतात. तुंबलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू साचतात. झाकण उघडून खाली उतरलेला माणूस क्षणार्धात बेशुद्ध पडतो, आणि त्याला वाचवावयास उतरलेला दुसराही पुष्कळदा वर येत नाही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्यास आणि संरक्षक साधनांवाचून गटारात अथवा मैलाटाकीत माणूस उतरविण्यास मनाई केली आहे. तरीही मृत्यू थांबले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. गटारात उतरणाऱ्यांत आजही बहुसंख्य त्याच जातींचे लोक असतात, ज्यांच्यावर १९३२ सालच्या तुरुंगाने ते काम लादले होते.

यंत्रे आणावयाची ती पालिकेने आणावी, कायदा पाळवून घ्यावयाचा तो सरकारने. पण भांड्यात काय टाकले जाते, हे घरातच ठरते. पॅड आणि लंगोट कागदात गुंडाळून निराळ्या डब्यात टाकावे, सार्वजनिक ठिकाणी दार उघडण्यापूर्वी एक तांब्या पाणी अधिक ओतावे, आणि आठवड्यातून एक वार घरातील पुरुषांनी व मुलांनी शौचकूप घासण्यासाठी राखून ठेवावा. जे काम मिळावे म्हणून एका माणसाने तुरुंगात उपाशी राहणे पत्करले, त्याला सुशिक्षित घरात कमीपणा मानण्याचे कारण नाही.