रक्तगटाच्या कार्डावर न लिहिलेले

(संस्थेच्या रक्तदान शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



६ डिसेंबरचे शिबिर आटोपते, गटाची कार्डे वाटून होतात आणि मग कोणीतरी आम्हाला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "बापाचा गट ए, आईचा बी, मग पोरगा ओ कसा?" प्रश्न रक्ताचा असतो, संशय मात्र त्या माउलीवर असतो. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिने आणि साखरेच्या साखळ्या असतात. आर-एच गट हे प्रत्यक्ष प्रथिन आहे. ए आणि बी म्हणजे साखळीच्या टोकाला जोडलेली वेगवेगळी साखर. ती जोडण्याचे काम जनुक ठरवतो. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली हे गट दाखवून दिले. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून येते. ए गटाच्या माणसाजवळ दुसरी प्रत ओची असू शकते. ती कार्डावर दिसत नाही. आई-बापांच्या अशा दोन लपलेल्या प्रती एकत्र आल्या की मूल ओ. यात काहीही वावगे नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. दोघेही ओ, आणि मूल बी! येथे शिकलेली माणसेही निकाल देऊन मोकळी होतात. त्यांनी आपल्याच राज्यातील हकीकत ऐकावी. १९५२ साली डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेला एक नवा प्रकार 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. या माणसांच्या पेशी ओसारख्या दिसत. पण त्यांचा रक्तद्रव ओच्या पेशींचेही गोळे करी. ए आणि बीची साखर ज्या 'एच'वर चढते तो एचच त्यांच्याकडे नव्हता. घर बांधायला गवंडी हजर, पण जोतेच नाही! एचचा जनुक १९ व्या गुणसूत्रावर आणि एबीओचा ९ व्या, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा शाबूत राहतो. असा बाप आपला बी मुलाला देतो, एच आईकडून येतो, आणि मूल उघड बी निघते. १९५५ साली अमेरिकेतील एका कुटुंबात आईकडून लपलेला बी मुलीत उतरल्याचे दाखविले गेले. या प्रकाराला नाव पडले 'बॉम्बे'.

भारतात सुमारे दहा हजारांत एक असे याचे प्रमाण सांगतात. पण ज्याच्या वाट्याला येते त्याला साधे ओ रक्तही चालत नाही. चढविले तर जिवावर बेतते. बॉम्बेचेच लागते. म्हणून पेशींसोबत रक्तद्रवाची उलट तपासणी आणि क्रॉस मॅच टाळू नये. घाई असली की नेमके हेच टाळण्याचा मोह होतो.

एचच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच हा गट होतो. नात्यात लग्न झाले तर तशा दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त आंतरजातीय विवाहाचा उपाय मांडला तो समतेसाठी, रक्तगटासाठी नव्हे. त्यात उगाच विज्ञान कोंबण्याची गरज नाही. मात्र जाती म्हणजे वंश नव्हेत हे त्यांनी त्याच ग्रंथात ठासून सांगितले होते, आणि ए, बी, ओ हे गट सर्व जातींत आढळतात हे कोणत्याही शिबिराच्या वहीत दिसते.

आता कामाचे. रिसोड, मानोरा, कारंजा कोठेही असे कार्ड आढळले तर रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करून घ्या. आई-बाप दोघेही या जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक भावंडाचा गट तोच निघण्याची शक्यता चारात एक असते, आणि मुंबईहून पिशवी वाशीमला येईपर्यंत भाऊ घरीच असतो.