डब्यावरची चिठ्ठी आणि अक्षतांचे चौकोन

परभणीच्या मे महिन्यात दिवेलागणीलाही खुर्ची चटका देते. तरी आपण आलात, तेव्हा सरळ गोष्टीलाच हात घालतो.

परवा जिंतूर रोडवरच्या एक काकू पेनड्राइव्ह घेऊन आल्या. "दादा, टीव्हीवर आवाज यायलाय, पण नवरी दिसंना!" भाच्याने उपाय म्हणून फाइलच्या नावातलं एमपी४ खोडून एव्हीआय लिहिलं होतं. नवरी काही दिसली नाही.

टिंबापुढची ती अक्षरं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठी बदलून तुरीचा हरभरा होत नाही. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही हे डबे, आपल्या मिसळणाच्या डब्यासारखे. एका वाटीत चित्र, दुसरीत आवाज, असलीच तर तिसरीत खालच्या ओळी. शिवाय कोणत्या क्षणी काय वाढायचं त्याची यादी. काकूंच्या डब्यात आवाज ओळखीचा होता, चित्र मात्र एचईव्हीसी या २०१३ च्या कोडेकने बांधलेलं. त्यांच्या जुन्या टीव्हीला ती गाठ सुटेना.

गाठ हा शब्द कापूसवाल्या जिल्ह्यात समजावायला नको. रुई दाबून १७० किलोची गाठ होते, तसं कोडेक चित्र दाबतो. न दाबलेलं फुल एचडी चित्र मिनिटाला नऊ जीबीच्या वर जातं. तीन तासांच्या लग्नाला दीड टेराबाइटही पुरायचा नाही. फरक इतकाच, की रुईची गाठ सोडली की सगळी रुई हाती येते. इथे दाबतानाच काही फेकून दिलेलं असतं.

काय फेकतात? समोरचा कॅमेरा बघा. माझ्यामागचा पडदा सेकंदाला २५ वेळा कशाला लिहायचा? एकदा पूर्ण चित्र, मग जेवढं हललं तेवढंच. वक्ता जितका निश्चल, तितकी फाइल लहान. आमच्या एका प्राध्यापकांचं अख्खं वर्ष एका सीडीत मावलं असतं!

आता वीसेक वर्षांपूर्वीची लग्नाची व्हीसीडी आठवा. अंतरपाट धरलेला असेतो चित्र बरं. 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या, की नवरा-नवरीचे चौकोन! आपण कॅमेरावाल्याला बोल लावला. दोष त्याचा नव्हता. व्हीसीडीत एमपेग-१ कोडेक, चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, त्याला सेकंदाला साधारण ११५० किलोबिटचं बांधलेलं रेशन. पडदा स्थिर होता तोवर भागलं. शेकडो दाणे शेकडो दिशांना उडाल्यावर मागच्या चित्रावरून पुढचं ताडता येईना. रेशन तेवढंच, मग बारकावे गेले.

म्हणून दुकानात 'कन्व्हर्ट करून द्या' म्हणताना काय बदलायचं ते विचारा. नुसता डबा बदलायचा तर काम मिनिटांचं, आणि चित्राला धक्का नाही. कोडेक बदलायचा तर गाठ सोडून पुन्हा बांधायची. तास जातात, दर खेपेला थोडं सांडतं. काकूंना मी टीव्हीसाठी एच.२६४ या कोडेकमध्ये वेगळी प्रत करून दिली आणि मूळ फाइल पुसू नका म्हणून बजावलं.

सकाळी फोन आला. "नवरी दिसायलीय! आता आमच्या लग्नाची सीडीबी नीट करून द्या, अक्षतांच्या टायमाला चौकोन झालेत."

तिथे माझा नाइलाज आहे. ते दाणे त्या सीडीत उतरलेच नव्हते.