मेलबर्नचा पराभव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मांडवात पराभवाची कथा सांगणे हा औचित्यभंग तर ठरणार नाही ना, अशी शंका विषय निवडताना आमच्या मनात आली होती. अशा प्रसंगी यशाचे पाढे वाचण्याचा प्रघात आहे. परंतु पन्नाशी गाठलेल्या संस्थेला स्तुतीपेक्षा आठवण अधिक उपयोगी पडते, असे आम्हांस वाटते. आणि आज जी आठवण काढावयाची आहे तिचे मूळ आपल्या याच हैदराबाद शहरात आहे.

सन १९५६. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि जुने हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले गेले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी भाग म्हैसूरकडे गेला आणि तेलंगण आंध्राशी जोडले गेले. नोकरी-व्यवसायानिमित्त या शहरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घराचा उंबरठा न ओलांडताच परप्रांतीय झाली. आज येथे बसलेल्या अनेकांच्या घराण्यांची ही कहाणी आहे.

त्यानंतर जेमतेम पाच आठवडे लोटले आणि ४ डिसेंबर रोजी, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये, भारताचा फुटबॉल संघ उपांत्य सामन्यासाठी युगोस्लाव्हियासमोर उभा राहिला. राज्य म्हणून हैदराबाद संपले होते. पण या शहराचे अनेक खेळाडू त्या संघात होते, आणि संघाचे प्रशिक्षक होते येथलेच सय्यद अब्दुल रहीम. कर्णधार समर बॅनर्जी बंगालचे, केंपय्या म्हैसूरचे, तुळसीदास बलराम सिकंदराबादचे. आघाडीचा नेव्हिल डिसूझा गोमंतकीय, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारा. त्याचा गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. देशात भाषावार सीमा आखल्या जात असताना हा संघ मात्र साऱ्या सीमा ओलांडून एकत्र आला होता.

उपांत्य फेरीपर्यंतची वाट फार लांब नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपल्याला पुढे चाल मिळाली. त्यानंतर यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असे हरविले. त्यांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलच्या एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला.

युगोस्लाव्हियाविरुद्ध मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. उत्तरार्धाच्या आरंभीच नेव्हिलने गोल केला आणि भारत आघाडीवर गेला! अंतिम सामना, निदान रौप्यपदक, हाताच्या अंतरावर दिसू लागले. पण ते सुख काही मिनिटांचेच ठरले. युगोस्लाव्हियाने बरोबरी साधली, पाठोपाठ आघाडी घेतली आणि तिसरा गोलही केला. चौथा गोल तर आपल्याच बचावपटूकडून आपल्याच जाळ्यात गेला. त्याचे नाव आम्ही येथे घेत नाही. संघ हरतो तेव्हा एकट्याला पुढे करू नये. सामना १-४ असा संपला. तीन दिवसांनी कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी गाठ पडली, तोही सामना आपण ०-३ असा गमावला. चौथा क्रमांक मिळाला, पदक नाही.

या पराभवाकडे पाहावे कसे? चार वर्षांपूर्वी, १९५२ साली, हेलसिंकीला याच युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा फडशा पाडला होता. त्या सामन्यात आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. तेथून चार वर्षांत आपण त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध उत्तरार्धात आघाडी घेण्यापर्यंत आलो. हरलेल्या सामन्यात झालेली ही प्रगती गुणफलकावर दिसत नाही, पण ती खरी होती. उणिवाही खऱ्या होत्या. त्या काळी आपल्याकडील सामने बहुधा सत्तर मिनिटांचे असत, आणि ऑलिंपिकमध्ये नव्वद मिनिटे धावावे लागे. केवळ त्यामुळेच आपण हरलो असे आम्ही म्हणणार नाही. युगोस्लाव्हियाचा संघ उत्तमच होता. पण ज्या कसोटीला उतरावयाचे, तिची सवय घरच्या मैदानावर लागलेली नव्हती.

ती सवय लावणाऱ्या गृहस्थांविषयी आता दोन शब्द. रहीमसाहेब मूळचे शिक्षक. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. आपल्या काचीगुड्यातील शाळेत त्यांनी अध्यापन केले होते. पुढे ते शारीरिक शिक्षणाकडे वळले आणि १९५० पासून त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडविला. मुंबईची रोव्हर्स करंडक स्पर्धा या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. रहीमसाहेबांची पद्धत हाडाच्या शिक्षकाची होती. चेंडू फार वेळ पायाशी न घोळविता सोबत्याकडे द्यावयाचा, असा नियम घालून ते सामने खेळवीत. ज्याचा जो पाय दुबळा, त्याच पायाने खेळावयाच्या स्पर्धाही ते भरवीत. माणसाची दुबळी बाजू झाकून न ठेवता तिलाच कामाला लावावयाचे, ही त्यांची शिकवण होती.

मेलबर्ननंतर ते खचले नाहीत. १९६० साली रोममध्ये भारताने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून सुवर्णपदक मिळविले. तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले.

आणि आमच्या मते, मंडळी, भारतीय फुटबॉलचा खरा पराभव येथून सुरू झाला. पुढेही काही यश मिळाले. १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आले. परंतु १९६० नंतर ऑलिंपिक फुटबॉलच्या मैदानावर भारताचा संघ पुन्हा उतरलेला नाही. मेलबर्नला ज्यांनी मात दिली ते मैदानावर समोर दिसत होते. नंतर जे घडले त्याला कोणी प्रतिस्पर्धी नव्हता. एका माणसाच्या अंगी जी विद्या होती, ती पुढच्यांच्या हाती पद्धतशीरपणे सोपविण्याची व्यवस्था पुरेशी उभी राहिली नाही. त्यांचे नावही आपण जवळजवळ विसरलो. २०२४ साली त्यांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा आपल्याच शहरातील तरुणांना ते नव्याने कळले.

हे सारे आम्ही आज येथे का सांगत आहोत, ते सुज्ञांच्या ध्यानी आले असेलच. पन्नास वर्षे हे मंडळ चालले ते काही मोजक्या माणसांच्या खांद्यांवर. गणेशोत्सवाचा हिशेब एकालाच ठाऊक असतो. ग्रंथालयातील कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे एकाच आजोबांना माहीत असते. नाटक बसवावयाचे तर सर्वांचे डोळे एकाच काकूंकडे वळतात. ही माणसे थोर आहेत, यात संशय नाही. पण तीच आपली दुबळी बाजूही आहे. आपली नातवंडे अडखळत मराठी बोलतात म्हणून आपण हळहळतो. मात्र त्यांच्या हाती कपाटाची किल्ली देताना आपला हात आखडतो. त्यांच्याकडून चुका होतील. होऊ द्याव्यात. दहाचे चार व्हायला चार वर्षे लागली होती.

म्हणून आमची एकच विनंती आहे. ज्याच्याकडे मंडळाचे जे काम असेल, त्याने या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या कामासाठी दुसरा माणूस तयार करावा, आणि तो शक्यतो आपल्यापेक्षा तीस वर्षांनी लहान असावा. एवढे झाले तर मेलबर्नचा तो पराभव आपल्याला फळला, असे म्हणता येईल.