वेळापत्रक बनवतं कोण आणि प्रवास करतं कोण?

बसमध्ये असाल, मेट्रोत असाल, भांडी घासत असाल, इअरफोन नीट लावून घ्या. आजचा विषय जरा लांबचा आहे: अमेरिका आणि कॅनडात चालणारी आइस हॉकीची लीग, नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल. पण गोल कोणी किती मारले ते नाही सांगणार. टाइमटेबल कसं बदललं ते सांगणार. थांबा, लगेच स्किप करू नका. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, या विषयात शिरलो ते स्वतःच्या एका चुकीमुळे. ती चूक शेवटी सांगतो.

आधी आपल्या ओळखीच्या ठिकाणाहून सुरू करू. आयपीएलमध्ये २०२२ पासून दहा टीम आहेत आणि लीगमध्ये प्रत्येकीच्या १४ मॅच. सगळ्यांशी दोनदा खेळायचं तर १८ लागतील. म्हणून काहींशी दोनदा, काहींशी एकदाच. म्हणजे तुमचा ग्रुप कोणता, यावर तुमच्या वाट्याला कोण येणार ते ठरतं.

आता हेच मोठं करून बघा. २०११ मध्ये एनएचएलमध्ये ३० टीम होत्या आणि प्रत्येकीच्या ८२ मॅच. पूर्व आणि पश्चिम अशा दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत तीन डिव्हिजन, एका डिव्हिजनमध्ये पाच टीम. आपल्या डिव्हिजनमधल्या चौघांशी सहा-सहा मॅच, म्हणजे २४. कॉन्फरन्समधल्या बाकी दहा जणांशी चार-चार, म्हणजे ४०. उरलेल्या १८ पलीकडच्या कॉन्फरन्सशी. थोडक्यात, कागदावर तुमचं नाव कोणत्या चौकटीत लिहिलंय, त्यावर वर्षभराची विमानं आणि झोप ठरते.

त्या वर्षी अटलांटाची टीम कॅनडातल्या विनिपेगला हलली. पण चौकटी बदलायला वेळ नव्हता. म्हणून विनिपेग अटलांटाच्याच जागी, साउथईस्ट डिव्हिजनमध्ये राहिलं. सोबत कोण? वॉशिंग्टन, कॅरोलायना आणि फ्लोरिडातल्या दोन टीम. विनिपेग ते मायामी हवाई अंतर साधारण ३,००० किलोमीटर, आपलं श्रीनगर ते कन्याकुमारी समजा. पूर्ण सीझनमध्ये फ्लोरिडात सहा मॅच खेळायच्या. आणि जेमतेम ६००-६५० किलोमीटरवर असलेली मिनेसोटाची टीम? ती दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये!

दुसरीकडे डेट्रॉइट. हे शहर पूर्वेच्या घड्याळावर चालतं, पण टीम पश्चिम कॉन्फरन्समध्ये. कॅलिफोर्नियात संध्याकाळी साडेसातला मॅच सुरू झाली की डेट्रॉइटमध्ये रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. संपेपर्यंत एक. दुसऱ्या दिवशी शाळा असलेल्या पोरांनी बघायचं कसं? कोलंबसचंही तेच दुखणं.

सगळ्यांना दिसत होतं की हे बदलायला हवं. डिसेंबर २०११ मध्ये टीममालकांच्या बोर्डाने नवा प्लॅन मंजूर केला: चार कॉन्फरन्स, दोन आठ टीमच्या, दोन सात टीमच्या, आणि प्रत्येकीतून चार टीम प्लेऑफला. आता फक्त खेळाडूंच्या संघटनेची संमती हवी होती.

जानेवारी २०१२ मध्ये संघटनेने संमती दिली नाही. त्यांचे प्रश्न दोनच होते. एक, आमचा प्रवास वाढणार का? दोन, सातातून चार आणि आठातून चार, हा चान्स सारखा कसा? पहिल्या प्रश्नासाठी त्यांनी नव्या वेळापत्रकाचा नमुना मागितला. तो देता येणार नाही, असं उत्तर मिळालं.

हे वाचताना मी जरा थांबलो. भाषण नाही, घोषणा नाही. नुसतं म्हणाले की सही करण्याआधी एकदा दाखवा, आम्ही कुठून कुठे जाणार आहोत.

प्लॅन बारगळला. विनिपेगने आणखी एक सीझन फ्लोरिडाच्या फेऱ्या मारल्या. मग मार्च २०१३ मध्ये सुधारलेल्या प्लॅनला संघटनेने होकार दिला, पण २०१४-१५ च्या सीझननंतर पुन्हा तपासायचं, या बोलीवर. डेट्रॉइट आणि कोलंबस पूर्वेला गेले, विनिपेग पश्चिमेला, मिनेसोटाच्या शेजारी. आणि प्रत्येक टीम प्रत्येक शहरात वर्षातून निदान एकदा खेळणार, हे ठरलं.

सगळे खूश झाले का? नाही. डेट्रॉइट आणि शिकागो ही फार जुनी खुन्नस. वर्षाला सहा मॅच व्हायच्या, त्या दोनवर आल्या. जाता जाता २०१३ च्या प्लेऑफमध्ये दोघं भिडले, डेट्रॉइट ३-१ ने पुढे होतं आणि शिकागोने सातव्या मॅचमध्ये ओव्हरटाइमला सिरीज काढली. शिवाय पूर्वेला १६ टीम, पश्चिमेला १४, आणि प्लेऑफच्या जागा दोन्हीकडे आठ. म्हणजे पूर्वेला ५० टक्के चान्स, पश्चिमेला ५७. हा फरक मिटायला २०१७ मध्ये लास व्हेगस आणि २०२१ मध्ये सिअ‍ॅटल यावं लागलं. तेव्हा कुठे १६-१६ झाले.

म्हणजे निकाल काही परफेक्ट नव्हता. पण ज्यांना विमानात बसायचं होतं, त्यांना आधी विचारलं गेलं होतं. गैरसोय राहिली ती माहीत असून स्वीकारलेली.

आता माझी चूक. मागच्या वर्षी आमच्या आठ जणांच्या टीमचं रात्रीचं ऑन-कॉल रोस्टर बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी मस्त स्क्रिप्ट लिहिली. सहा महिन्यांनी आकडे काढले तर प्रत्येकाच्या रात्री अगदी सारख्या. मीटिंगमध्ये ग्राफ दाखवला, टाळ्याही मिळाल्या.

आमच्यातली एक सीनियर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सहाला वडिलांना डायलिसिसला न्यायची. माझ्या स्क्रिप्टला वार कळत नव्हते. सोमवारची रात्र तिला लागली की ती कुणालातरी विनंती करून बदलून घ्यायची. पहिल्यांदा लोक हसत हो म्हणाले. मग कामं निघू लागली. एकदा कुणीच मिळालं नाही, ती रात्रभर जागली आणि तशीच गाडी चालवत हॉस्पिटलला गेली. दोन आठवड्यांनी तिने पेपर टाकले.

शेवटच्या दिवशी टपरीवर चहा घेताना मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "तुझ्या शीटमध्ये चूक काहीच नव्हती रे. लावायच्या आधी एकदा दाखवली असतीस तर बरं झालं असतं."

मी गप्प बसलो. तिला नाही म्हणायचा हक्कच आम्ही ठेवला नव्हता. खेळाडूंकडे संघटना होती, तिच्याकडे फक्त विनंती होती.

आता मी कच्चं रोस्टर आठवडाभर आधी ग्रुपवर टाकतो. 'ही रात्र नको' असा एक कॉलम आहे, कारण विचारत नाही. दर तीन महिन्यांनी पुन्हा बसतो. आकडे आता सारखे येत नाहीत. कुणाला पाच रात्री, कुणाला सात. सात वाल्याची गेल्या आठवड्यात कुरकुर आली, सोमवारी त्यावर बोलणार आहोत. त्याचं म्हणणं बरोबरही असेल.

तुमच्यापैकी कुणाच्या हातात शिफ्टचं, मेसच्या पाळ्यांचं, सोसायटीच्या पाण्याचं वेळापत्रक असेल, तर पक्कं करण्याआधी एकदा दाखवा. आणि ज्यांच्यावर ते लागतं त्यांनो, नमुना मागा. मागणं म्हणजे भांडण नव्हे.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ऑफिसात पाळ्या कोण ठरवतं, ते व्हॉइस नोटवर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आज रात्री ऑन-कॉल असाल तर फोन चार्ज करून ठेवा!